कुलरची तिसरी तार

मार्च उलटला की भंडाऱ्यात घरोघरी कुलर बाहेर निघतात. कुणाचा माळ्यावरून, कुणाचा जिन्याखालून. पत्र्याच्या पेटीवरची वर्षभराची धूळ धुवायची, जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरायचं, टाकी गळत असेल तर डांबर लावायचं. ही कामं घरचीच माणसं करतात आणि चांगली करतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळतो, नवतपात तर रात्रीसुद्धा भिंतींना हात लाववत नाही. कुलर ही आमच्याकडे चैन नव्हे, गरज आहे. रोज हाताळायची वस्तू, त्यामुळे तिच्यातली वीजही घरचीच वाटू लागते.

मला ती लहानपणापासून घरची वाटत आली. आमचं गाव लाखनी तालुक्यात. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइनमन एक आणि त्याच्याकडे गावं कितीतरी. रात्री फ्यूज उडाला तर सकाळपर्यंत वाट कोण पाहणार? अशा गावांत प्रत्येक आळीत एखादा पोरगा असायचाच, ज्याला ‘लाइटचं समजते’. आमच्या आळीत तो मी होतो. किटकॅट ओढायचा, जळकी तार खरवडायची, नवी गुंडाळायची, परत बसवायचा. फ्यूजची तार संपली की जुन्या केबलमधली तांब्याची तार घालायची. ती पुन्हा उडायची नाही, आणि सगळे म्हणायचे, पोराचा हात चांगला आहे. तार उडत नव्हती याचा अर्थ फ्यूज आता फ्यूज राहिला नव्हता. वायर तापून पेटली असती तरी तो गप्पच बसला असता. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

पुढे भंडाऱ्यात नोकरी लागली, घर झालं. एका उन्हाळ्यात कुलर खिडकीशी हलवला. तिथल्या एक्स्टेन्शन बोर्डाला दोनच भोकं होती आणि कुलरची पिन होती तीन पायांची. मी ती कापली आणि दोन पायांची लावली. हिरवी तार उरली. आत जाऊन ती नुसती पत्र्याला बांधलेली होती, पंख्याला नाही की पंपाला नाही. तिचं काही काम मला दिसेना. मी ती मुळापासून छाटून टाकली.

दोन-तीन दिवसांनी आई म्हणाली, “हा कुलर करंट मारते रे बाबू.” चालू कुलरला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मी पिन काढली आणि उलटी करून खोचली. झिणझिण्या थांबल्या. ही युक्ती विदर्भात अर्ध्या घरांना ठाऊक असेल.

संध्याकाळी पाणी भरायचं काम आईकडे असे. त्या दिवशी तिने कुलरची कळ फिरवून तो बंद केला, नळी टाकीत सोडली आणि पेटीला हात टेकला. मी आतल्या खोलीत होतो. नळी फरशीवर पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर आई भिंतीला पाठ लावून बसलेली, उजवा हात डाव्या हातात धरलेला, तोंडातून शब्द नाही. पायात रबरी स्लिपर होती. त्या स्लिपरचा विचार आजही मनात आला की मला बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आले. पन्नाशीचे, आयटीआय केलेले, आमच्या भागातली निम्मी घरं त्यांच्याच हातची. त्यांनी पिन हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “सर, हे पिन कोनं लावली जी?” मी सांगितलं. ते रागावले नाहीत. जमिनीवर बसले, खडूने फरशीवर पंपाची गुंडाळी काढली आणि मला समजावून सांगितलं.

गुंडाळीचं एक टोक कळीतून जातं, दुसरं थेट पिनेकडे. आमच्या पंपाचं वेष्टण कळीकडच्या टोकाशी ओलाव्याने खराब झालं होतं. आधी फेज त्या बाजूने येत होता, म्हणून कुलर चालू असताना पत्र्यात करंट उतरायचा आणि कळ बंद केली की फेज तुटून सगळं शांत व्हायचं. मी पिन उलटी केल्यावर फेज दुसऱ्या टोकाने येऊ लागला आणि खराब जागा न्यूट्रलजवळ गेली. चालू असताना झिणझिण्या नाहीत. पण आता कळ तोडत होती ती न्यूट्रल. कळ बंद केली की अख्खी गुंडाळी फेजवर लटकत राहायची, त्या खराब जागेसकट. म्हणजे माझ्या दुरुस्तीनंतर कुलर चालू असताना निमूट होता आणि बंद केला की जिवंत होत होता. आणि पाणी आपण बंद कुलरमध्येच भरतो.

हे ऐकताना माझे हात गार पडले. मी कुलर बिघडवला असता तर परवडलं असतं. मी त्याची सूचना बंद केली होती.

मग त्यांनी काम सुरू केलं. मेन बंद करण्याआधी टेस्टर चालू पॉइंटला लावून पाहिला: पेटतो. मेन बंद केला, पुन्हा त्याच पॉइंटला लावला: पेटत नाही. मग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर, जिथे वीज होती, तिथे पुन्हा: पेटतो. मी विचारलं, तीनदा कशाला? म्हणाले, मधल्या वेळी टेस्टरच मेला असेल तर तो विझलेलाच दिसेल, आणि आपण तार मेली असं समजू. मी आयुष्यभर टेस्टर एकदाच लावत आलो होतो.

पंप बदलला. तीन तारांची नवी केबल आली, हिरवी तार पत्रा खरवडून नटबोल्टने आवळली, भिंतीतला सॉकेट तीन भोकांचा झाला. माझ्या लेखी काम संपलं होतं. त्यांच्या लेखी आता सुरू झालं. होल्डरला साधा बल्ब, त्याला दोन तारा, असा टेस्ट लॅम्प त्यांनी पिशवीतून काढला. फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगला लावला, तर काजव्यासारखा मिणमिणला. “तार हाये, पन जमीन नाही लागत,” ते म्हणाले.

मागच्या अंगणात सरपणाच्या ढिगाखाली अर्थिंगचा खड्डा सापडला. पाइपाच्या तोंडाशी नट गंजून तांबडा झालेला. त्यांनी तो खोलला, पॉलिश पेपरने घासला, पुन्हा आवळला आणि पाइपात दोन बादल्या पाणी ओतलं. थोड्या वेळाने बल्ब बराच उजळला. खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात तो ओल धरून ठेवायला. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. कुलर घरोघरी चालतात तो मे महिना, आणि धानाच्या बांध्यांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात तोही मे महिनाच. जेव्हा जमिनीची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच ती सगळ्यात कोरडी. इतकी वर्षं इथे राहून हे दोन उन्हाळे मी कधी जोडून पाहिले नव्हते.

मी म्हटलं, बोर्डात एमसीबी आहे की. त्यावर त्यांनी मान हलवली. सोळा अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो. माणसातून जाणारा करंट त्याच्या खिजगणतीत नसतो. माणसासाठी आरसीसीबी लागते, तीस मिलिअँपिअर करंट गळला की वीज तोडणारी. नऊ वॅटचा एलईडी दिवा याहून जास्त करंट घेतो. म्हणजे जो दिवा आपण देवघरात रात्रभर ठेवतो, त्याच्या विजेइतकी वीज छातीतून गेली तरी माणूस जाऊ शकतो. त्याच आठवड्यात मी आरसीसीबी बसवून घेतली.

घरची कारागिरी उंबरठ्याशी थांबत नाही. आमच्या जिल्ह्यात ती धानाच्या बांधीपर्यंत जाते. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात, ते दुःख मी पाहिलेलं आहे. पण त्यावर बांधाभोवती उघडी तार ओढून तिच्यात थेट २३० व्होल्ट सोडले जातात. तार डुक्कर ओळखत नाही. पहाटे पाणी पाहायला आलेला शेजारी तिला तेवढाच, वाघही तेवढाच. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातल्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडकडे, अशाच तारेवर गेला. दुकानात मिळणारं झटका मशीन तशाच तारेत करंट सोडतं, पण क्षणाच्या अगदी लहानशा तुकड्यापुरता, मग सुमारे सेकंदभर थांबतं. त्या थांब्यात जनावराला आणि माणसाला सुटून जाता येतं. तो थांबा कुणीतरी विचार करून घातलेला असतो. घरी ओढलेल्या तारेत तो नसतो.

त्या दिवशी वायरमन निघताना मी त्यांना विचारलं, आयटीआयमध्ये दोन वर्षं काय शिकवतात? ते हसले. म्हणाले, सुरुवातीचे कितीतरी दिवस नुसते जोड. रॅट टेल, मॅरीड, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन. तार सोलताना चाकू आडवा धरला की तांब्याला खाच पडते आणि वर्षा-दोन वर्षांनी तार तिथेच तुटते, म्हणून चाकू पेन्सिल तासतात तसा तिरपा धरायचा. जोड ओढून पाहायचा, सुटला की पुन्हा. त्यांनी माझ्याच छाटलेल्या केबलचा तुकडा उचलून दाखवला. मी दातांनी सोललेली होती ती. सात तारांपैकी दोन तुटलेल्या, उरलेल्या नुसत्या पिळलेल्या, वर टेपचे तीन वेढे. त्यांनी शेजारी स्वतः एक जोड करून ठेवला, प्रत्येक वेढा दुसऱ्याला चिकटलेला, बोटाला कुठेही टोक लागत नाही असा. बाहेरून टेप लावल्यावर दोन्ही जोड सारखेच दिसले असते, आणि दोन्हींवर दिवा सारखाच लागला असता.

ते दोन्ही तुकडे मी ठेवून दिले आहेत. आठवीच्या मुलांना विजेचा धडा शिकवताना वर्गात फिरवतो आणि टेप काढायला लावतो.

आई आता पाणी भरण्याआधी पिन भिंतीतून काढते आणि खिडकीच्या गजावर, समोर दिसेल अशी लटकवते. तरीही नळी टाकीत सोडताना एकदा आत हाक मारतेच, “पिन काढली ना रे बाबू?” मी जिथे असेन तिथून उठतो, खिडकीपाशी येऊन ती डोळ्यांनी पाहतो आणि मगच म्हणतो, “काढली, आई.”