खाजकुइली

आपल्या रानातील ज्या वनस्पतींचे नाव कोणी आदराने घेत नाही, त्यांत खाजकुइलीचा क्रम बराच वर लागेल. तुळस, बेल, दूर्वा यांना देवघरात मान आहे. कुइलीची आठवण व्हायची ती वर्गबंधूच्या सदऱ्यात तिची लव टाकणाऱ्या व्रात्य पोरांना. पावसाळा सरल्यावर बोरिवलीच्या डोंगराकडे फिरावयास गेले की ही वेल झुडपांवर चढलेली दिसते. जांभळ्या फुलांचे घोस मन वेधून घेतात. परंतु पुढे त्याच जागी सोनेरी लवेच्या शेंगा लोंबू लागल्या की जाणता मनुष्य चार हात दूर राहतो. वैद्यांनी मात्र तिला कधी दूर लोटले नाही. ते तिला कपिकच्छू म्हणतात आणि तिचे बीज शुद्ध करून वातविकारांवर देत आले आहेत.

या वेलीविषयी मला अगत्य वाटू लागले ते माझ्या थोरल्या बंधूंमुळे. गेली काही वर्षे दादांना कंपवात आहे. त्यांचे मोत्यासारखे अक्षर आता ओळीच्या शेवटी मोहरीएवढे होते. हातपाय ताठतात, म्हणून दोष स्नायूंचा असावा असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु केवळ स्नायू सैल करणाऱ्या औषधाने ही व्याधी हटत नाही. स्नायू बिचारे हुकुमाचे ताबेदार! मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या झडू लागल्या की चालण्याचा, वळण्याचा, हसण्याचा हुकूमच नीट सुटत नाही.

हे कोडे उलगडण्यात आपल्याकडील दुसऱ्या एका वनस्पतीचा हात आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीने रक्ताचा वाढलेला दाब उतरतो, हे ५० रोग्यांच्या अनुभवावरून एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पीन वेगळे काढले. हे द्रव्य काही रोग्यांत कंपवातासारखी लक्षणे उत्पन्न करते, असेही पुढे दिसून आले. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पीन देऊन ससे निश्चल केले आणि मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले. ससे पुन्हा हिंडूफिरू लागले! १९६० साली व्हिएन्नात मृत रोग्यांच्या मेंदूंत डोपामीन अत्यल्प आढळले, आणि १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत डोपा देऊन रोग्यांना चालते केले.

आणि हा डोपा कोठे होता? एका विलायती वालाच्या शेंगांतून तो १९१३ सालीच वेगळा केला गेला होता. १९३७ साली मद्रासेत तो मिळाला खाजकुइलीच्या बीजात. द्रव्य हाती होते, नाव ठाऊक होते. परंतु त्याचे काम कळावयास आणखी वीस वर्षे जावी लागली.

येथे आमच्या घरातला वाद सुरू होतो. "हे सारे आपल्या ग्रंथांत होतेच, दादांच्या गोळ्या बंद करा आणि चूर्ण सुरू करा," असा एका आप्तांचा आग्रह. त्यांचा अभिमान मला परका नाही. परंतु वेल आपली असली म्हणून तिची मात्राही आपोआप आपली होत नाही. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, डोपा शिरतो. पण तो निम्म्या वाटेतच शरीरात खर्ची पडतो. म्हणून गोळीत १०० मिलिग्रॅम डोपाबरोबर थोडा कार्बिडोपा घालतात. तो वाटेतली ही गळती रोखतो. शिवाय प्रथिनांचे घटकही मेंदूच्या त्याच दाराने आत शिरतात. सकाळच्या चर्चगेट लोकलच्या दाराशी बोरिवलीस जे घडते, तेच दूध-उसळीवर लगेच गोळी घेतली असता घडते: चढणारे पुष्कळ, दार एकच. कुइलीच्या बीजात डोपा शेकडा ४ ते ६ असला तरी प्रत्येक बीज सारखे नसते. मात्रा कमी पडली तर मनुष्य उंबरठ्यावर खिळतो. अधिक झाली तर अंग आपोआप वेडेवाकडे हलू लागते. आणि गोळ्या एकाएकी थांबवल्या तर जिवावर बेतू शकते.

म्हणून चूर्ण टाकाऊ ठरते असे मात्र नव्हे. १९७८ साली मुंबईच्याच संशोधकांनी कंपवाताच्या रोग्यांना कुइलीचे चूर्ण देऊन आलेला अनुभव प्रसिद्ध केला. १९९५ साली तिच्यापासून केलेल्या औषधाची ६० रोग्यांवर १२ आठवडे चाचणी झाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि गुण आढळला. वेलीचा खरा गौरव या मंडळींनी केला, कारण त्यांनी तिला तराजूत घातले.

वेलीचे कसबही थोडे नाही. डोपाच्या रेणूला आपल्या हातांप्रमाणे डावे-उजवे रूप असते आणि उपयोगी पडते ते डावेच. साध्या कृतीने प्रयोगशाळेत दोन्ही रूपे समसमान उतरतात. कोट्झियास यांना प्रथम हे मिश्रणच वापरावे लागले आणि त्याने काही रोग्यांच्या रक्तात बिघाड झाला. केवळ डावे रूप कारखान्यात निर्माण करण्याची युक्ती अमेरिकेच्या नोल्स यांनी शोधली, तिच्यासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कुइली ते काम रानात उभ्या उभ्या, कोणी न शिकवता करीत आली आहे.

दादांच्या डॉक्टरांपुढे मी चूर्णाचा प्रश्न ठेवला. ते म्हणाले, "घ्यावयाचे असेल तर मला सांगून घ्या, तोलून घ्या, आणि गोळी माझ्यावाचून हलवू नका." वहिनींना हे पटले. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर गोळ्यांच्या वेळा लिहून लावल्या आहेत, आणि गोळीनंतर तास झाल्याशिवाय त्या दादांचे पान वाढीत नाहीत. "भावजी, औषध कोठल्या देशाचे हे तुम्ही पाहा," त्या म्हणतात, "मी घड्याळ पाहते."