तोफांनी राखलेले मैदान : साउथसी

मुले-नातवंडे इंग्लंडात असतील आणि त्यांच्याकडे जाण्याचा योग आला, तर पोर्ट्‌समथ या आरमारी शहराचे साउथसी हे उपनगर पाहून या. आठव्या हेन्रीने १५४४ मध्ये येथे किल्ला बांधला. त्याचेच नाव पुढे वस्तीला मिळाले. वस्ती खरी वाढली एकोणिसाव्या शतकात. थॉमस एलिस ओवेन या वास्तुशिल्पज्ञाने वळणदार, झाडीचे रस्ते आखून तेथे टुमदार घरे उभारली. समुद्र आणि घरे यांमधले विस्तीर्ण मैदान मात्र मोकळेच राहिले, कारण तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये असा लष्कराचा आग्रह होता. युद्धाच्या त्या हिशेबामुळे आज तेथे म्हाताऱ्या माणसांना सपाट, निर्वेध फिरणे लाभते!

या गावाशी शुश्रूषेच्या दोन कथा निगडित आहेत. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८७१ मध्ये, सहा वर्षांचाही झालेला नसताना, धाकट्या बहिणीसह येथील एका घरी पैसे देऊन सांभाळण्यास ठेवला गेला. आईवडील हिंदुस्थानात परतले. आयेच्या मायेत वाढलेल्या त्या मुलाला येथे मार आणि अपमान सोसावा लागला. त्याची दृष्टी मंदावत होती, हेही फार काळ कोणी ओळखले नाही. १८७७ मध्ये आई आली, तेव्हा कोठे सुटका झाली. पोटापाण्याची सोय असली म्हणजे सांभाळ झाला असे मानणाऱ्यांनी कॅम्पबेल रोडवरील त्या घरासमोर क्षणभर थांबावे.

दुसरी कथा आर्थर कॉनन डॉइल यांची. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी त्यांनी येथेच लिहिली, हे सर्वज्ञात आहे. परंतु १८८२ मध्ये दवाखाना थाटलेल्या या तरुण डॉक्टराने मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या एका रुग्णास स्वतःच्या घरी ठेवून घेतले होते, हे मला अधिक मोलाचे वाटते. १८८५ मध्ये तो रुग्ण तेथेच वारला. त्याच वर्षी त्याच्या बहिणीशी डॉइल यांचा विवाह झाला. ते घर महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात गेले.

किनारा वाळूचा नव्हे, गोट्यांचा आहे. गुडघे दुखत असल्यास खाली न उतरता फरसबंद वाटेवरूनच चाला. वाराही बोचरा असतो, तेव्हा कानटोपी जवळ असू द्या. समोर वाइट बेट दिसते आणि तिकडे जाणारे हॉवरक्राफ्ट सुमारे दहा मिनिटांत पोहोचते.