भोसरीच्या गल्लीतला साचा

थोरल्या बहिणीचा मुलगा आय.टी.आय. करून भोसरीच्या एका शेडमध्ये कामाला लागला, त्याला आता दोन वर्षे झाली. मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला. "पोराच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलंय. विचारलं तर म्हणतो, काही नाही. काय काळं-काळं कापड चिकटवायचं काम करतो म्हणे. तू एकदा जाऊन बघ. आणि त्याला सांग, एखादी परीक्षा दे, मामासारखा ऑफिसात बस."

भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. म्हणून मी बुधवारची किरकोळ रजा टाकली. कल्याणहून सकाळच्या गाडीने निघालो, घाट चढून लोणावळ्याला उतरलो आणि पुण्याची लोकल धरून कासारवाडीला पोहोचलो. स्टेशनाबाहेर मेट्रोचा पूल डोक्यावरून जातो. नाशिक फाट्यावरून शेअर रिक्षा मिळाली आणि पंधरा मिनिटांत एमआयडीसीच्या गल्लीत उभा राहिलो.

वाचकहो, या गल्ल्या बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. पत्र्याचे शेड, दारात टेम्पो, कोपऱ्यावर चहाची टपरी, हवेत कूलंटचा वास. पण प्रत्येक शेडमध्ये एखादेच काम होते. एक जण फक्त भोके पाडतो, दुसरा फक्त गिअर कापतो, तिसरा रंगाची भट्टी चालवतो. वस्तू पूर्ण होते ती चार-पाच उंबरे ओलांडून. एकट्याने सगळे करण्याची ऐपत इथे कोणाचीच नाही आणि कोणाचे कोणावाचून चालतही नाही.

भाचा दारातच भेटला. हातांवरच्या पुरळाकडे माझी नजर गेली, तशी त्याने बाह्या खाली ओढल्या. "मामा, आधी काम बघा. मग काय रागवायचं ते रागवा," असे म्हणून तो मला समोरच्या शेडमध्ये घेऊन गेला.

तिथे व्हीएमसी मशीन चालू होते. मशीनच्या टेबलावर पिवळसर रंगाचा मोठा ठोकळा आवळला होता. मला तो साबणाच्या वडीसारखा वाटला. त्याला टूलिंग बोर्ड म्हणतात. लाकडासारखा कापता येतो, पण त्याला रेषा नसतात, गाठी नसतात, आणि पावसाळ्यात तो फुगत नाही. संगणकावरच्या चित्राप्रमाणे गोल टोकाचा कटर त्यातून मागे-पुढे फिरत होता. हळूहळू एक पोकळ आकार दिसू लागला, जणू मोठ्या होडीचा अर्धा भाग.

ते एका शर्यतीच्या गाडीचे नाक होते. इंजिनिअरिंग कॉलेजची मुले स्वतः एकच माणूस बसेल अशी छोटी गाडी बनवतात आणि कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर स्पर्धेला नेतात. बाजारात अशा गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत. जो भाग हवा तो नव्याने घडवायचा, आणि त्यासाठी आधी साचा घडवायचा.

नाकाचा साचा दोन तुकड्यांचा होता. "एकाच तुकड्याचा केला असता तर वस्तू आत अडकली असती," भाचा म्हणाला. वस्तू निघावी म्हणून साच्याच्या भिंतींनाही थोडा उतार ठेवावा लागतो. इडलीपात्राच्या वाट्या वर पसरट असतात, त्याचे कारण हेच.

मशीनवरून उतरलेला साचा दिसायला तयार असतो, पण तयार नसतो. कटर फिरल्याच्या बारीक रेषा त्यावर उरतात. भाचा त्या पाण्याच्या कागदाने घासतो. आधी 240 नंबर, मग 400, 800, शेवटी 1200. मध्ये सीलरचे थर देऊन बारीक छिद्रे बुजवतो. नंतर वस्तू चिकटू नये म्हणून मेणाचे पाच-सहा हात, प्रत्येक हात वाळू देऊन. या एका साच्याला मशीनवर दोन दिवस लागले आणि हाताने घासण्यात चार.

मांडणीवर एक नाकारलेला तुकडा पडला होता. त्यावर नखाएवढा ओरखडा होता. मी म्हटले, "एवढ्यासाठी टाकून दिला?" भाच्याने जवळचा जुना साचा उचलून दाखवला. तोच ओरखडा साच्यात होता. "मामा, वस्तूतली चूक एका वस्तूची. साच्यातली चूक पुढच्या सगळ्यांची."

मी वाणिज्य शाखेचा माणूस. हिशेबाच्या भाषेत मला ते लगेच कळले. सुरुवातीची शिल्लक चुकली की पुढचे प्रत्येक पान चुकते, मग बेरीज कितीही नीट करा.

पुढचे काम भाच्याच्या शेडमध्ये. तिथे ते काळे कापड पाहिले. मालक मनमोकळे निघाले, त्यांनी समजावून सांगितले. स्वेटरची अॅक्रिलिक लोकर ज्या पदार्थापासून बनते, त्याच जातीचा धागा आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर शेकतात आणि मग हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवतात. उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. एक तंतू माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा जाड. असे 3000 तंतू एकत्र करून एक पट्टी होते आणि त्या पट्ट्या विणून कापड. राळेत घट्ट झालेले हे कापड पोलादाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या वजनाचे असते.

1981 साली मॅकलारेन कंपनीने शर्यतीच्या गाडीचा सांगाडा प्रथमच या कापडाचा केला, तेव्हा तो अपघातात चुरा होईल अशी शंका पुष्कळांनी घेतली होती. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझा येथे जॉन वॉटसनची गाडी कठड्यावर आदळून तिचे दोन तुकडे झाले. वॉटसन आपल्या पायांनी चालत बाहेर आला. तेव्हापासून लोकांच्या शंका मिटत गेल्या.

दुपारी नाकाचा दुसरा अर्धा भाग भरायला घेतला. कापड कागदी मापाप्रमाणे कापून साच्यात तीन थर बसवले. त्यावर नंतर सोलून काढायचे कापड, त्यावर जाळी, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटपट्टीने बंद. पंप सुरू झाला तशी पिशवी आक्रसून साच्याला बिलगली. हवेचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा असतो. आपल्याला तो जाणवत नाही, कारण तो आपल्याला सगळीकडून सारखाच दाबतो. इथे आतली हवा काढून घेतली की बाहेरची हवाच कापडाला साच्यावर दाबून धरते.

मग पंप बंद करून सगळे काट्याकडे बघत बसले. काटा हलला तर कुठेतरी गळती आहे. आमच्याकडे ताळेबंद जुळेपर्यंत जशी शांतता असते, तशी ती पंधरा मिनिटे होती. काटा हलला नाही. नळी उघडली, राळ आत शिरली आणि कोरड्या मातीत ओल पसरावी तसे कापड एका टोकाकडून काळेभोर होत गेले. हा भाग रात्रभर घट्ट होणार. आदल्या दिवशीचा पहिला भाग भाच्याने प्लॅस्टिकच्या पाचरीने सोडवला. टकटक आवाज होऊन तो सुटला. आरशासारखा चकचकीत. कॉलेजची मुले बघायला आली होती. त्यातला एक जण वहीत लिहून घेत भाच्याला विचारत होता, "दादा, मेणाचे हात किती?"

बहिणीने ते बघायला हवे होते.

पण मी ज्या कामाला गेलो होतो ते राहिले नव्हते. मी मालकांना पुरळाबद्दल विचारले. ते म्हणाले, "हातमोजे देतो, पण उकाड्यात मुले काढून ठेवतात." खरे होते. मात्र मोजे मनगटापर्यंतच होते आणि हात धुवायला थिनरचा डबा होता. कार्बन घासण्याच्या कोपऱ्यात एकच पंखा आणि तोंडाला साधे कापड. मी शांतपणे सांगितले की, एपॉक्सी राळ आणि तिचे हार्डनर कातडीला वारंवार लागले तर अॅलर्जी होते. एकदा ती झाली की पुढे थेंबभरही सोसत नाही. थिनरने कातडीवरचे तेल निघून जाते आणि तिला बाधा लवकर होते. हात साबण-पाण्यानेच धुवावेत. धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारे यंत्र हवे आणि धूळ गाळणारा चांगला मास्क हवा. शेवटी विचारले, "हजेरीपटावर किती जण?" मालक हसले. "नऊ." कामगार राज्य विमा दहापासून लागू होतो, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

भाच्याला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी निदान केले ते अॅलर्जीचेच. तो पुन्हा राळेच्या टेबलावर उभा राहू शकणार नाही. त्याचा चेहरा उतरला. मला वाटले, बहिणीचे म्हणणे आता आपोआप खरे होणार.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. मालकांनी कोपराएवढे लांब नायट्राइलचे मोजे आणले होते, थिनरचा डबा हलवला होता आणि घासण्याच्या कोपऱ्यात धूळ ओढणारी नळी बसवली होती. भाच्याला त्यांनी समोरच्या शेडमध्ये साच्यांच्या कामावर दिले होते. "मामा, आता मी फक्त साचे करतो. मास्क लावूनच. डोळ्यांना न दिसणारी रेघ तळहाताला लागते." विम्याचे मात्र अजून बोलणे चालू आहे. ते मी सोडलेले नाही.

बहिणीला मी परीक्षेचे काही बोललो नाही. इतकेच सांगितले की, पोराच्या हातात कसब आहे, ते हात राखले पाहिजेत. आपली मुले अशा नव्या कामांत जात असतील तर त्यांना मागे ओढू नका, पण एकदा शेडमध्ये जाऊन या. मोजे किती लांबीचे आहेत, धूळ कुठे जाते आणि मुलाचे नाव हजेरीपटावर आहे का, एवढे तरी विचारा.

कॉलेजच्या मुलांनी गाडीचा फोटो पाठवला आहे. बहिणीने तो मोठा करून पाहिला आणि विचारले, "यात आपल्या पोराने काय केलं?" मी गाडीच्या नाकावर बोट ठेवले. त्याने केलेला साचा भोसरीला मांडणीवर आहे. तो फोटोत दिसत नाही.