पावसाची सुट्टी आणि नऊ खडे

सकाळी साडेसहाला शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. पावसाचा रेड अलर्ट, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने आज शाळांना सुट्टी. माझ्या दोन्ही मुलांनी गादीवरच उड्या मारल्या. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. दूधवाल्याने खबर आणली की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं. नाशिककरांचं पुराचं माप ते हेच. आमचं घर जुन्या नाशकात, गोदावरीपासून पायी दहा मिनिटांवर. असा दिवस आला की 2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवतो आणि पोरांना उंबऱ्याबाहेर सोडायचा धीर होत नाही.

घरात खाली आम्ही आणि अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. वर माझे थोरले दीर, भाभी आणि त्यांची तीन मुलं. जिना एकच, पण चार महिन्यांपासून त्यावरून फक्त मुलंच ये-जा करत होती. कारण वरचे पत्रे. ते बदलायचे कधी आणि खर्च कोणी किती करायचा, यावरून दोघा भावांत शब्दाला शब्द वाढला. मग भाभींनी आणि मीही बोलणं सोडलं. बकरी ईदला गोश्तचा हिस्सा वर गेला तोसुद्धा मुलाच्या हाती. मी खालून सलाम केला नाही, त्यांनी वरून विचारपूस केली नाही.

दहाच्या सुमारास वीज गेली. अकराला वरचे पत्रे गळायला लागले आणि तिन्ही मुलं उशा-चादरी काखेत मारून खाली आली. भाभी आल्या नाहीत. त्या वर बादल्या लावत होत्या, आवाज येत होता. खाली पाचही मुलं एका मोबाईलवर तुटून पडली. बॅटरी संपत आली तशी रडारड सुरू झाली. अम्मींनी तसबीह बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ते बंद करा आधी. दप्तरातून खडू आणा."

शहाबादी फरशीवर त्यांनी एकात एक असे तीन चौकोन काढले. प्रत्येक बाजूच्या मध्यावर रेघ मारून तिन्ही चौकोन जोडले. ही नवकंकरी. रेघा मिळतात तिथे खडा ठेवायचा, अशा एकूण 24 जागा. दोन खेळाडू, प्रत्येकाचे नऊ खडे. एकानंतर एक खडे मांडत जायचं. ज्याचे तीन खडे एका रेघेत सलग आले, तो समोरच्याचा एक खडा उचलतो. सगळे खडे मांडून झाले की शेजारच्या मोकळ्या जागी सरकवायचे. ज्याच्याकडे दोनच खडे उरले किंवा ज्याला हलायलाच जागा राहिली नाही, तो हरला.

खडे आणायचे कुठून? एका बाजूला स्वयंपाकघरातले नऊ चिंचोके घेतले. दुसऱ्या बाजूसाठी मुलांनी खजुराचा डबा उघडला, नऊ खजूर फस्त केले आणि बिया धुऊन आणल्या. अम्मींच्या घरात दोन गोष्टी चालत नाहीत, पैज आणि फासा. फाशांच्या खेळाबद्दल हदीसमध्ये ताकीद आहे म्हणून त्या सापशिडीलाही हात लावत नाहीत. नवकंकरीत मात्र नशिबाचं काही नाही, जे आहे ते डोक्याचं. महाराष्ट्रात जुन्या लेण्यांत, किल्ल्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर असे पट दगडात कोरलेले दिसतात. आमच्या पांडवलेण्यांतही कोरलेले खेळपट आढळले आहेत. मी हे सांगितल्यावर माझ्या थोरल्याने विचारलं, "म्हणजे त्यांच्याकडेही लाईट गेली होती का?" अम्मी कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या.

जोहरनंतर नाव-गाव-फळ-फूल निघालं. इथे नवीनच भांडण झालं. माझी मुलं मराठी शाळेत, भाभींची उर्दू शाळेत. 'ब' अक्षर आलं आणि पुतणीने गावाच्या रकान्यात भोपाळ लिहिलं. माझा मुलगा ओरडला, "तो भ आहे, ब नाही!" ती म्हणाली, "आमच्याकडे भ वेगळा नाहीच. बे लिहायचा आणि त्याला दोचश्मी हे जोडायचा." दोघंही आपापल्या जागी खरे होते. अम्मींनी निकाल दिला की ज्याने त्याने आपल्या लिपीप्रमाणे खेळावं आणि समोरच्याने गुण द्यावेत. मला बरं वाटलं. एका जिन्यावर राहून ही मुलं एकमेकांची अक्षरं तरी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होती.

असरच्या आधी पुतणीने बैतबाजीचा हट्ट धरला. अंताक्षरीसारखाच हा खेळ, फक्त गाण्यांऐवजी शेर. समोरच्याचा शेर ज्या अक्षरावर संपला, त्या अक्षराने आपला सुरू करायचा. दोन फळ्या पाडायच्या होत्या. पाच मुलं आणि मी मिळून सहा झालो, पण अम्मी वजू करायला उठल्या आणि उर्दू शेर येणारा मोठा माणूस दुसऱ्या फळीत कोणी उरला नाही. पुतणी जिन्यात जाऊन ओरडली, "अम्मी, खाली या ना, गडी कमी पडतोय!"

बराच वेळ काही आवाज नाही. मग भाभी आल्या, ओल्या पदरानेच, आणि खालच्या पायरीवर बसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. भाभींना शेकड्याने शेर पाठ. माझं शिक्षण मराठीत, माझ्याकडे पुंजी ती केवढी! त्यात उर्दूतले कितीतरी शेर 'है' वर संपतात, म्हणजे पुन्हा पुन्हा 'ये' येतो. तिसऱ्यांदा 'ये' आला आणि मी अडकले. मुलं आकडे मोजायला लागली, दहा, नऊ, आठ. तेवढ्यात पायरीवरून हळूच एका शेराचे पहिले चार शब्द आले. भाभी आपल्याच विरुद्ध मला सांगत होत्या. मी शेर पुरा केला. त्यांची मुलं चिडली, "अम्मी, चीटिंग!" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. चार महिन्यांत त्यांनी मला दिलेले ते पहिले शब्द होते.

मी चहा ठेवला. वरच्या बादल्या आम्ही दोघींनी मिळून रिकाम्या केल्या. वर गेल्यावर मी पहिल्यांदा नीट पाहिलं की पत्र्यांना किती भोकं आहेत. खाली बसून मी खर्चाचा हिशोब करत होते, त्या इथे पाणी झेलत होत्या.

मगरीब पढून दोघे भाऊ आले. खडूचा पट पाहून भाईजान उभ्याउभ्याच म्हणाले, "चिंचोके माझे." लहानपणीही तेच घेत असत म्हणे. एक डाव झाला, कोणी कोणाशी फारसं बोललं नाही.

वीज आल्यावर मुलं परत मोबाईलकडे धावलीच, खोटं कशाला सांगू? पत्र्यांचा हिशोबही एका डावात सुटला नाही. तो अजून चालू आहे, पण आता दोघे समोरासमोर बसून करतात आणि तोवर वर ताडपत्री पडली आहे.

बहिणींनो, 14 नोव्हेंबरला बालदिन येईल, मग नाताळची सुट्टी. मुलांना काय खेळायला द्यावं हा प्रश्न आपल्याला दर वेळी पडतो. एक खडू, नऊ चिंचोके आणि नऊ खजुराच्या बिया पुरतात. फक्त फळी पाडताना एक गडी कमीच ठेवा आणि ज्याच्याशी बोलणं थांबलं आहे, त्याला बोलवायला मुलांना पाठवा.