खाल्लेली शपथ

आपल्या मराठीत शपथ घेतातही. पण घरगुती व्यवहारात ती बहुधा 'खातात'. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम वापरला त्याला मनुष्यस्वभावाची पक्की ओळख असली पाहिजे. खाल्लेला जिन्नस पचतो आणि चार-सहा तासांनी पुन्हा भूक लागते. सकाळी खाल्लेली शपथ दिवेलागणीपर्यंत पुरली, तर ती बरीच पौष्टिक म्हणायची!

दारूने ग्रासलेल्या घरात ही शपथ रोजच्या आहारातली असते. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांच्या घरी मी हा प्रकार फार जवळून पाहिला. माणूस सज्जन, चांगल्या पगाराचा, गाण्याचा कान असलेला; पण संध्याकाळ झाली की पाय ठरलेल्या दिशेने वळत. त्यांनी बेलभंडारा उचलला, देवघरातल्या गंगाजलावर हात ठेवला. अखेर एका पाडव्याला वडीलधाऱ्यांच्या आग्रहावरून आठ वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हिची शपथ, पुन्हा शिवणार नाही." ती शपथ अकरा दिवस टिकली. पुढच्याच आठवड्यात पोरीला साधा ताप आला. कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवणाऱ्या आईला तिने विचारले, "आई, बाबांनी शपथ मोडली म्हणून मी मरणार का गं?"

ताप तीन दिवसांत उतरला. पण त्यानंतर कितीतरी दिवस बाबा घरी आले की ती दाराशी उभी राहून त्यांच्या तोंडाचा वास घेत असे. तिचा सारा जीव त्या एका श्वासात अडकलेला असे.

ही शपथ मोडते ती माणूस खोटारडा असतो म्हणून नव्हे. शपथ घेताना त्याच्या डोळ्यांत आलेले पाणी खरेच असते. पण ही शपथ एकट्याने, धाकापोटी आणि एकदाच घ्यायची असते. आणि मोडली, तर परत येण्याची वाट तिच्यात ठेवलेलीच नसते. मागे उरते ती नुसती लाज, आणि लाज विसरण्याचे औषध त्या बिचाऱ्याला एकच ठाऊक असते!

याउलट आपल्याकडची तुळशीची माळ पाहा. माळ खात नाहीत, घालतात. ती गळ्यात राहते. आंघोळ करताना हाताला लागते, सदऱ्याचे बटण लावताना दिसते. माळ घेणाऱ्या वारकऱ्याने दारू नि मांस वर्ज्य करायचे, एकादशी करायची, पंढरीची वारी करायची. म्हणजे माळ घालून काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. दर पंधरवड्याला एकादशी येते, दर वर्षी वारी येते, आणि शेजारी चालणाऱ्याच्या गळ्यातही तीच माळ असते. दिंडीत भेटेल त्याच्या पाया पडायचे. त्यामुळे लहानमोठेपणाही गळतो. माळेमुळे कित्येकांची दारू सुटली, असे खेड्यापाड्यांत आजही सांगतात. त्याचे श्रेय मी नुसत्या लाकडाच्या मण्यांना देणार नाही. ते त्या सोबतीचे आहे.

हीच गोष्ट सातासमुद्रापलीकडे अगदी वेगळ्या लोकांना उमगली. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यवैद्य, असे दोन मद्यासक्त एकत्र आले. त्यांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही बिनचेहऱ्याची संघटना जन्मली. त्याच गावच्या सेंट टॉमस रुग्णालयात डॉ. स्मिथ यांच्याबरोबर सिस्टर इग्नेशिया नावाच्या जोगीण काम करीत. बरा होऊन घरी निघालेल्याला त्या एक लहानसे पदक देत. अट एवढीच, की पहिला पेला तोंडाला लावण्याआधी हे पदक मला परत आणून द्यायचे. अट साधी, पण तिच्यातली मेख पाहा! पेला आणि ओठ यांच्यामध्ये त्यांनी एक रस्ता घातला, आणि रस्त्याच्या शेवटी एक ओळखीचा चेहरा ठेवला.

भारतात ही संघटना १९५७ साली आली. तिच्या सभेत वर्गणीची सक्ती नाही, आडनाव नाही. "मी अमुक, मी मद्यासक्त आहे," एवढे बोलून माणूस आपली हकीकत सांगतो, इतर ऐकतात. पुष्कळ ठिकाणी चोवीस तास, महिना, वर्ष अशा टप्प्यांवर नाणे देतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, ते गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. व्यसन सुटल्याचा वाढदिवस साजरा करण्याची गोड रीत तिथेही आहे.

आमचे गृहस्थ अशाच एका सभेला जाऊ लागले. चौथ्या महिन्यात पाय घसरला. सगळ्यांना वाटले, संपले. पण पुढच्या सभेत ते उभे राहून म्हणाले, "आज माझा पुन्हा पहिला दिवस," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! शपथ मोडल्यावर टाळ्या त्यांनी जन्मात ऐकल्या नव्हत्या. पुढे वर्ष पुरे झाले, त्या दिवशी घरच्यांनाही बोलावणे होते. नाणे लेकीच्या हातून द्यायचे ठरले. तिने ते उलटसुलट करून पाहिले नि विचारले, "हे हरवलं तर?" शेजारचे एक वृद्ध सभासद म्हणाले, "तर दुसरं मिळेल, बाळ. फक्त मागायला यावं लागतं."

अर्थात नाणे हे औषध नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेतते. ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढले पाहिजेत. पण त्यानंतरची उभी हयात डॉक्टर सोबत राहू शकत नाही. तिथे मंडळी लागतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात सत्तावीस अभ्यास तपासले गेले. त्यात असे दिसले, की या संघटनेशी जोडून देणारी पद्धतशीर उपचारपद्धती, दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरते. देव मानणाऱ्याने तिथे देव पाहावा, न मानणाऱ्याने माणसे पाहावीत.

मग घरच्यांनी काय करावे? माझ्या मते, शपथ मागणे आधी थांबवावे. मुलांच्या डोक्यावर तर हात ठेवूच देऊ नये. त्याऐवजी त्याच्या सभेची संध्याकाळ सांभाळावी. त्या दिवशी पाहुणे बोलावू नयेत, बाजारहाट काढू नये. फराळाचे आमंत्रण आले तरी "आज जमणार नाही, उद्या येतो" असे खुशाल कळवावे. चहा जरा लवकर टाकावा, म्हणजे त्याला वेळेवर निघता येईल.