अंजिराचे क्रेट, दिवे घाट आणि मोटारीची डिकी

पुण्याहून सासवडला निघालेला माणूस दिवे घाट चढताना एकदा तरी मागे वळून पाहतोच. खाली वडकीचा मस्तानी तलाव, त्याच्या पलीकडे हडपसरच्या उंच इमारती, आणि त्या दोहोंमध्ये दर वर्षी थोडी थोडी कमी होत चाललेली शेते. आषाढी वारीत माउलींची पालखी याच घाटाने वर येते. तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. आम्हा शेतीच्या माणसांच्या मनात मात्र हा घाट उलट्या दिशेने असतो. वर पुरंदरच्या मुरमाड, निचऱ्याच्या जमिनी; तिथला अंजीर, सीताफळ, वाटाणा आणि भाजी घाटाने खाली उतरते व पुण्याच्या ताटात जाते. उतरताना किती टिकते, हा खरा प्रश्न.

माझी सासुरवाडी घाटमाथ्यापलीकडे सोनोरीच्या बाजूला आहे. डोक्यावर मल्हारगड आणि पायथ्याला अंजिराची बाग, असा तो देखावा. १९९७ साली मी पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा अंजीर बांबूच्या पाट्यांतून जाई. पाटीला आतून अंजिराचीच पाने लावायची, वर गोणपाट शिवायचे आणि संध्याकाळी वस्तीवर येणाऱ्या टेम्पोत टाकायचे. टेम्पो चुकला तर एसटीचा टप. रात्रभर गुलटेकडीत पडून पहाटे विक्रीला लागायचा आणि तोवर खालच्या थराचे पाणी झालेले असायचे. तो थर नुकसानीचा म्हणून धरूनच हिशोब मांडत.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि शेतकऱ्याला आपला माल आवाराबाहेर थेट गिऱ्हाइकाला विकण्याची वाट मोकळी झाली. माझ्या मेहुण्याने ती वाट २०२० सालच्या टाळेबंदीत धरली. हडपसरकडच्या दोन मोठ्या वसाहतींत त्याची गिऱ्हाइके आहेत. फोनवर मागणी घ्यायची आणि सकाळी आठच्या आत पोहोचवायचे, असा त्याचा व्यवहार. माल नेण्यासाठी गावातल्या एकाची छोटा हत्ती भाड्याने ठरलेली होती.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंचे मूत्रपिंड थकले. आठवड्यातून दोनदा हडपसरला डायलिसिस, एका खेपेला चार तास. त्यांना घाटातून न्यायला वेगळी गाडी, मालाला वेगळी गाडी, अशी दोन भाडी सुरू झाली. उन्हाळ्यात मिठा बहार तोडणीला आला तेव्हा मेहुण्याने वही माझ्यापुढे सरकवली. "दाजी, अंजिराचे पैसे येतात तेवढे चाकावर जातात. एखादी जुनी लहान मोटार घ्यावी म्हणतो. आई, ही आणि मी बसलो पाहिजे आणि माल पण बसला पाहिजे. कोणती घ्यायची ते तुम्ही सांगा."

मी बी.एस्सी. ॲग्रिकल्चर, मोटारींचा अभ्यास माझा नाही. पण आकडे पाहिले की हात शिवशिवतात. कंपन्यांच्या पत्रकांत डिकीची जागा लिटरमध्ये दिलेली असते, ती मी उतरवून काढली. जुन्या अल्टो ८०० ची १७७ लिटर, २०२२ च्या अल्टो के-१० ची २१४, टियागो पेट्रोलची २४२, २०१८ च्या स्विफ्टची २६८. क्विड २०१५ साली आली तेव्हा तिची ३०० लिटर जाहीर झाली होती. २०२१ ची सेलेरिओ ३१३, २०१९ ची वॅगन-आर ३४१. आपले भाजीचे प्लॅस्टिक क्रेट साधारण ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद, २९ उंच. गुणाकार केला की ५६ लिटर होतात. ३४१ ला ५६ ने भागले, सहा क्रेट आले. मोठ्या विश्वासाने मी मेहुण्याला सांगितले, "सहा क्रेट बसतात."

वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "दाजी, गहू मापायचा आणि भोपळे मापायचे यात फरक असतो ना?"

तो फरक मला उशिरा कळला. डिकी लिटरमध्ये मोजण्याची युरोपात रुळलेली पद्धत अशी आहे: २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे घ्यायचे आणि बसतील तेवढे कोपऱ्याकोपऱ्यात बसवायचे. चाकाच्या कमानीशेजारचा कोनाडा, दाराच्या पत्र्यामागची बेचकी, सगळीकडे ठोकळा जातो आणि लिटर वाढतो. क्रेट तसे जात नाही. बेचकीत ज्वारीची पिशवी खुपसता येईल, अंजीर नाही. शिवाय हे माप बहुधा मागच्या सीटमागे जी पातळ फळी असते, तिच्या उंचीपर्यंतचे असते. फळी काढली तर वर आणखी जागा निघते, ती कागदावर येत नाही. थोडक्यात, कागदावरच्या लिटरात काही जागा आपल्या उपयोगाची नसते आणि आपल्या उपयोगाची काही जागा कागदावर नसते.

मग आम्ही वहिनींच्या पद्धतीने मापायचे ठरवले. तीन रिकामी क्रेट, एक टेप आणि सासूबाईंची पाठीला लावायची उशी घेऊन मी, मेहुणा आणि वहिनी पुण्यात जुन्या मोटारी विकणाऱ्या एका तळावर गेलो. तिथला पोरगा हसू लागला. लोक येतात ते इंजिन ऐकतात, पत्रा ठोकून पाहतात, गाडी किती किलोमीटर पळाली विचारतात. आम्ही आल्या आल्या मागची दारे उघडून क्रेट आत घालायला लागलो.

चार गाड्या पाहिल्या. त्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण नावावर जाणे हीच चूक आहे. एकाच नावाची गाडी पिढी बदलली की आतून वेगळी होते. वॅगन-आरची २०१० ची पिढी १८० लिटरची होती, २०१९ ची ३४१ ची. सेलेरिओची आधीची २३५ आणि २०२१ नंतरची ३१३. जुनी गाडी घेणाऱ्याने नव्याचे पत्रक वाचून जाऊ नये, हे मी त्या तळावर उभे राहून शिकलो.

पहिल्या गाडीची डिकी खोल होती, पण तिचा उंबरठा मांडीपर्यंत. क्रेट उचलून त्या काठावरून आत खाली सोडायचे. कांदा असता तर सोडला असता. अंजिराचे क्रेट शेवटचे चार बोटे हातातून सुटले की तळाचा थर गेला. भरलेले क्रेट वाकून पुन्हा वर ओढणे हे तर कमरेचे काम. दुसऱ्या गाडीची मागची काच फार तिरपी. खाली दोन क्रेट छान बसली, वर तिसरे ठेवले तर दार लागेना. दिसायला ती सर्वांत देखणी होती. तिसरी सीएनजीची. मेहुण्याचा जीव तिच्यावरच होता, कारण रोजचे इंधन स्वस्त. दार उघडले तर आडवी टाकी. टाकीपुढे उरली ती पिशव्या ठेवण्यापुरती फट. अलीकडे एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी आडव्या घालण्याची रीत आली आहे. टाटांची अल्ट्रोझ २०२३ साली तशी निघाली; पेट्रोलची ३४५ लिटर डिकी, तर सीएनजीची २१० सांगतात. ती युक्ती चांगली आहे, पण जुन्या बाजारात मेहुण्याच्या पैशांत ती बसत नव्हती.

चौथी गाडी पेटीसारखी. उंच छप्पर, सरळ उभे मागचे दार, उंबरठा बेताचा. खाली दोन क्रेट शेजारी शेजारी, वर दोन. सहा नव्हे, चार! वहिनी माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

पण निर्णय डिकीवर झाला नाही, सीटवर झाला. पहिल्या दोन गाड्यांची मागची सीट अखंड होती. पाडली तर सगळी पडे आणि मालाला मैदान मिळे, पण मग गाडीत दोघेच. सासूबाई पुढे बसल्या तर वहिनी कुठे? मेहुणा वसाहतीत माल वाटत असताना दवाखान्यात चार तास त्यांच्याजवळ कोणी तरी हवेच. चौथ्या गाडीची सीट दोन तुकड्यांत पडणारी होती, एक मोठा, एक छोटा. मोठा पाडायचा, छोट्यावर वहिनी बसणार, पुढे सासूबाई पाठ थोडी मागे टाकून. मेहुण्याने मोठा भाग पाडला आणि आणखी दोन क्रेट मावतील अशी जागा निघाली. झाली की सहा! माझा आकडा वेगळ्या वाटेने का होईना खरा ठरला म्हणून मी खूष झालो, एवढे कबूल करतो.

एक वाईट गोष्टही तिथेच दिसली. पाडलेली सीट डिकीच्या तळाशी सपाट जुळत नव्हती, मध्ये पायरी राहत होती. बऱ्याच लहान गाड्यांत असे असते. घरी आल्यावर मेहुण्याने प्लायवूडचा तुकडा कापून, खाली लाकडी पट्टी मारून ती पायरी भरली. स्टेपनी मात्र त्याच तळाखाली असते. पंक्चर झाले तर सगळा माल रस्त्यावर उतरवूनच चाक काढावे लागते, म्हणून एक जुनी ताडपत्री कायम गाडीत ठेवलेली आहे.

जागा आहे म्हणून वजन घालू नये, हे मात्र मी हक्काने सांगितले. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन असते आणि गाडीबरोबरच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त भरलेले वजन. दोहोंची वजाबाकी म्हणजे माणसे धरून एकूण भार. अंजिराची दोन थरांची क्रेट हलकी; तिथे आधी जागा संपते. कांद्याच्या ५० किलोच्या गोण्या भरल्या तर जागा उरते आणि मागचे पाटे दबतात. टायरमधल्या हवेचेही तेच. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांत एक चिठ्ठी असते, तिच्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. ती कोणी वाचत नाही. आणि ही पांढऱ्या पाटीची गाडी आहे. आपला माल न्यावा, शेजाऱ्याचा माल भाडे घेऊन नेऊ नये. शेजाऱ्याने फार गळ घातली तेव्हा मेहुण्याने माझे नाव पुढे केले, "आमचे दाजी खात्यात आहेत, ऐकत नाहीत."

एप्रिलमधल्या एका खेपेला मीही गेलो. मी पुढे मावणार नव्हतो; म्हणून मोटारसायकलने मागोमाग निघालो. पहाटे साडेचारला डोक्याला बॅटऱ्या लावून तोड सुरू होती. अंजिराचा चीक कातडीला लागतो म्हणून हातांत मोजे. देठासकट फळ, तळाशी पाने, वर दोन थर, त्यावर ओल्या गोणपाटाचा तुकडा. डिकीची फळी काढून टाकली होती, त्यामुळे गाडीतला गारवा मागेपर्यंत जात होता. गाडी उन्हात उभी राहिली की बंद डिकी भट्टी होते आणि अंजीर तासाभरात आंबल्यासारखे वास मारते, हे पहिल्या आठवड्यात एक क्रेट गमावून कळले होते.

क्रेट सीटच्या पट्ट्याच्या कडीला दोरीने बांधलेली होती. त्या दोरीचे महत्त्व घाटात कळते. झेंडेवाडी सोडून उतार लागला आणि दुसऱ्याच वळणावर समोरून वाळूचा डंपर आला. मेहुण्याने ब्रेक दाबला. मागून मला गाडीचे नाक खाली गेलेले दिसले आणि काळजात धस्स झाले. वरच्या थराची क्रेट सुटती तर वहिनींच्या मानेवर येती. पण दोरी ताणली आणि माल जागच्या जागी राहिला. वळणापुढे रुंद जागा पाहून त्याने गाडी थांबवली, गाठी तपासल्या आणि तिथून वडकीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच उतरला. तोवर मस्तानी तलावावर उजाडत होते.

सात वाजता दवाखान्याच्या दारात सासूबाईंना उतरवले. वहिनींनी उशी घेतली, डबा घेतला. सासूबाई दोन पावले जाऊन थांबल्या आणि मेहुण्याला म्हणाल्या, "मागचं ते एक क्रेट तिरकं झालंय, आधी सरळ कर. आणि इथल्या पोरींना पावशेर अंजीर काढून ठेव, मागच्या वेळी विसरलास."

साडेअकराला परत निघालो तेव्हा सहाही क्रेट रिकामी, एकात एक घातलेली. त्यांच्या जागी जनावरांच्या पेंडेचे एक पोते, किराणा आणि सासूबाईंच्या औषधांचा खोका होता. परतताना त्यांना पाठ टेकून झोप लागते. घाट चढून वर आलो तरी त्या उठल्या नव्हत्या.