हातभर उंचीवरून

चाकं नाहीत, पंख नाहीत, डोक्यावर छत नाही. पुढे दोन लांब दांड्या, त्यांच्या टोकाला वळण्यासाठी पाती, मागे एक निमुळती बैठक आणि पोटाखाली तोफ. जमिनीपासून हात-दोन हात वर, कशालाही न टेकता ती सुटते आणि तिच्यावर मांड टाकून एकच शिपाई बसतो. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या १९८३ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली ही स्पीडर बाइक, साम्राज्याच्या टेहळणी पथकाची. चाहत्यांच्या दप्तरी तिची नोंद चोख आहे: मॉडेल ७४-झेड, बनावट अराटेक कंपनीची, वेग ताशी पाचशे किलोमीटरपर्यंत. जे वाहन कधी कुठल्या रस्त्यावर आलंच नाही, त्याची कागदपत्रं इतकी व्यवस्थित! आपल्या आरटीओने हेवा करावा.

मला मात्र आकड्यांपेक्षा तिथल्या झाडांचं वेड आहे. एंडोरच्या जंगलात चित्रपटाचे नायक-नायिका ल्यूक आणि लेया शत्रूच्या शिपायांचा पाठलाग करतात, तो प्रसंग मी इतक्यांदा पाहिला आहे की कोणतं झाड कुठून येणार हे डोळ्यांआधी खांद्याला कळतं. जॉन विल्यम्सचा वाद्यवृंद या चित्रपटात फारसा विसावत नाही, पण इथे तो गप्प बसतो. उरतो बेन बर्टने घडवलेला इंजिनांचा आवाज, बुंध्यांच्या मधून निसटताना चिरकत जाणारा. संगीत असतं तर कुणीतरी आपली काळजी घेतंय असं वाटलं असतं. ते नाही, म्हणून प्रत्येक झाड थेट आपल्यावर येतं.

उंचावरच्या विमानात वेग जाणवत नाही. ताशी आठशे किलोमीटरने जाताना माणूस खिडकीबाहेरचे ढग पाहत जांभया देतो. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला यातली खरी गोष्ट ठाऊक असते: लांबचा डोंगर बराच वेळ सोबत करतो, रुळालगतचे खांब मात्र सपासप अंगावर येतात. वेग जाणवायला काहीतरी अगदी जवळून निघून जावं लागतं. स्पीडर बाइकची सगळी झिंग तिच्या या खुजेपणात आहे. तिला झाडांच्या शेंड्यांवरून नेलं असतं, तर युद्धनीतीच्या दृष्टीने ते जास्त शहाणपणाचं ठरलं असतं आणि प्रसंग सपक झाला असता.

आता तो वेग कसा मिळवला ते पाहा. कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट परगण्यात चीटम ग्रोव्ह नावाची रेडवुड झाडांची राई आहे. रेडवुड शंभर मीटरच्याही वर जातो आणि काही झाडं दोन हजार वर्षं ओलांडतात. या झाडांखालून १९८२ मध्ये गॅरेट ब्राउन चालत गेला. चालत, पायी. अंगावर स्टेडीकॅम, हे त्याचंच अपत्य: कॅमेरामनची चाल कॅमेऱ्याला कळू न देणारं उपकरण. ‘द शायनिंग’मधल्या हॉटेलच्या लांबलचक मार्गिकांतून छोट्या मुलाच्या तीनचाकीमागे सरकत राहणारा कॅमेरा त्याचाच. इथे कॅमेरा जराही डुलू नये म्हणून गायरोस्कोपही जोडले होते. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांनी धावतो. ब्राउन सेकंदाला जेमतेम पाऊण चित्र टिपत होता. म्हणजे पडद्यावर सगळं बत्तीस पट वेगाने. ताशी पाच किलोमीटरने टाकलेली पावलं तिथे ताशी एकशेसाठची होतात.

मला या चालण्याचं फार कौतुक वाटतं. पायाखाली नेच्यांचा पसारा, आडवे पडलेले बुंधे, मुळं, आणि त्यातून एक माणूस कॅमेरा समतोल धरून, नजर समोरच्या एका बिंदूवर रोखून, देवळातल्या प्रदक्षिणेच्या गतीने पुढे सरकतो आहे. एक पाऊल तिरकं पडलं तरी पडद्यावर त्याचा हिसका बत्तीस पटीने येणार. साम्राज्याची सगळ्यात चपळ सवारी या संथपणातून जन्मली. बाकीचं काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या मंडळींचं. त्यांनी आधी बाहुल्या आणि खेळण्यातल्या बाइक नाचवून प्रसंगाचा कच्चा आराखडा व्हिडिओवर उतरवला. मग निळ्या पडद्यासमोर जागच्या जागी उभ्या बाइकवर नटांना बसवलं आणि मागे ब्राउनचं जंगल जोडलं. बाइक कुठेच गेली नव्हती. धावली ती झाडं.

खऱ्या सैन्यालाही असलं काहीतरी हवं होतं. ख्रिस्तोफर कॉकरेलने पत्र्याचे डबे एकात एक बसवून हवेच्या गादीचे प्रयोग केले आणि त्यातून निघालेल्या हॉवरक्राफ्टने १९५९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली. पण ते ऐसपैस, फवारे उडवणारं वाहन. त्याला सपाट पाणी किंवा मोकळी जमीन लागते, झाडीत त्याचं काय काम? एकट्या शिपायाचा ध्यास अमेरिकी लष्कराने घेतला. डी लॅकनर कंपनीच्या एरोसायकलवर सैनिक चक्क उभा राहायचा आणि त्याच्या पायांखाली उलटसुलट दिशांनी दोन पंखे फिरायचे. वळायचं असेल तर त्या बाजूला झुकायचं, इतकं सोपं. वीस मिनिटांच्या शिकवणीत कुठलाही पायदळी शिपाई उडू लागेल, अशी कल्पना होती. १९५६ मध्ये फोर्ट युस्टिसला कॅप्टन सेल्मर संडबी ती चालवत होता. पंख्यांची पाती एकमेकांवर आदळून ती दोनदा कोसळली. संडबी वाचला, त्याला फ्लाइंग क्रॉस मिळाला आणि एरोसायकल गुंडाळली गेली. संडबीचं मत असं पडलं, की हे यंत्र साध्या शिपायाच्या आवाक्यातलं नाही. पायांखाली फिरती पाती घेऊन दोनदा पडलेल्या माणसाने हे फारच सभ्य भाषेत सांगितलं, असं मला वाटतं.

पडद्यावरचे शिपाईसुद्धा टिकत नाहीत. एकाच्या बाइकची पाती ल्यूक तलवारीने छाटतो आणि ती गरगरत झाडावर जाते. दुसरा लेयाला पाडतो, पाडल्याचं समाधान पाहायला मागे वळतो आणि आडव्या ओंडक्यावर फुटतो. पुढे इवॉक ही बुटकी केसाळ जमात दोन झाडांमध्ये वेल ताणते. एवढं यंत्र, एवढी गती, आणि विरुद्ध बाजूला एक वेल. गनिमी काव्याचं इतकं स्वस्त उदाहरण सापडणं कठीण. इवॉक मला एरवी फारसे आवडत नाहीत, खेळण्यांच्या दुकानासाठी घडवल्यासारखे वाटतात. पण वेलीपुरते ते माझे. एकट्याच्या वाहनाचा दोष नेमका इथे उघडा पडतो. शेजारी कुणी नाही, ‘अरे, समोर बघ’ म्हणायला.

इवॉकच्या गावाभोवतीचं जंगल मात्र निराळं होतं, आणखी उत्तरेला, स्मिथ नदीजवळ. ती जमीन लाकूड कंपनीची. झाडं तोडायचीच होती म्हणून तिथे हवा तसा सेट उभारता आला, आणि चित्रीकरणानंतर ती तोडली गेली. चीटम ग्रोव्ह शाबूत आहे.

हल्ली तो पाठलाग पाहताना मध्येच दुसरीच चित्रं आठवतात. युक्रेनच्या युद्धातली, छोट्या ड्रोनवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली. तीच हातभर उंची, तसेच अंगावर येणारे बुंधे, मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. चालवणारा डोळ्यांवर गॉगल चढवून दूर कुठल्यातरी तळघरात बसलेला असतो. वाहनाला जो एक माणूस लागायचा, तोही आता उतरवला आहे. तळघरातल्या चालवणाऱ्याचं शरीर ब्राउनपेक्षाही संथ, जवळजवळ स्थिर. झाडं पुन्हा तशीच धावतात, पण त्या झाडांच्या पलीकडे कुणीतरी माणूसच असतो. साम्राज्याच्या टेहळ्याला निदान स्वतःचं डोकं पणाला लावावं लागत होतं.